भिंतीला सांगितलेलं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर किरटं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागते, कारण माफी न मागता काही सुरू करायची मला सवयच नाही. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे.

लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात मुलगी शाळेतून आली आणि दप्तर पाठीवरून न काढताच उंबऱ्यावर बसली. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरलेला. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाई व आई, उजेड टोचून राह्यला." माझ्या हातातली परात मी खाली ठेवली. तशी मी बसते. तशी माझी आई बसायची.

आमच्याकडे याला अर्धशिशी म्हणतात. अर्धं डोकं दुखतं आणि उरलेलं अर्धं ते दुखणं बघत बसतं. आधी डोळ्यापुढे काचेच्या तुकड्यांसारखं काहीतरी चमकतं, मग कानशिलात घण पडायला लागतात, मग उलटी. लहानपणापासून माझं असंच आहे. ते जीवघेणं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. जीव घ्यायला आलं ते दुसरंच होतं, आणि ते औषधाच्या रूपात आलं.

आमचं घर तळेगावला आहे. पुढे किराणा दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दुकान भासऱ्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाचं. नवरा ट्रकवर असतो, दोन-दोन महिने परराज्यात. घरात मी, माझी मुलगी, भासरे आणि जाऊबाई. आमच्या घरात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. समोर आले तर पदर पुढे ओढायचा आणि बाजूला व्हायचं. द्यायची वस्तू हातात द्यायची नाही, दुकानाच्या पडद्याजवळच्या कोनाड्यात ठेवायची, मग ते उचलतात. बोलण्यावाचून अडलंच तर भिंतीला सांगायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं ही थट्टा आहे. थट्टा नव्हती.

ते दुकानातून म्हणायचे, "भिंतीले सांगून ठेवतो, पाव्हने येऊन राह्यले. दोन कप चहा जास्तीचा."

मी आतून म्हणायची, "भिंतीले सांगा, साखर संपली."

जाऊबाई हसायची. "किराना दुकानदाराच्या घरात साखर संपते, अन् ते बी भिंतीच्या तोंडून समजते. या घरात सगळ्यात जास्त अक्कल भिंतीलेच आहे. सगळ्यायचं ऐकते अन् कोनाले सांगत नाई."

भासरे वाईट माणूस नाहीत हे इथेच लिहून ठेवते. माझं डोकं उठलं की जाऊबाईला कळायच्या आधी त्यांना कळायचं, कारण भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज बंद व्हायचा. मग पहाटे कोनाड्यात जिलबीचा पुडा आणि दूध ठेवलेलं असायचं. सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलबी खाल्ली की अर्धशिशी उतरते असं आमच्याकडे म्हणतात. डोकं उतरायचं नाही. पण मी जिलबी खायची, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून रिकामा पुडा मुद्दाम दिसेल असा ठेवायची.

मधल्या खोलीत एक लाकडी दिवाण आहे. सासूबाई त्यावर तीन वर्षं पडून होत्या. बीपी वाढून लकवा मारला होता, उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. काही हवं असलं की त्या डाव्या हाताने चमचा दिवाणाच्या पायावर वाजवायच्या. पाणी हवं असलं तरी तोच आवाज, अंग दुखलं तरी तोच. मी धावत जायची आणि त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायची. कधीकधी ओळखू यायचं नाही. मग त्या वाजवतच राहायच्या. त्या गेल्यावर दिवाण कोणी हलवला नाही. त्यावर आता धुतलेले कपडे असतात. मी त्यावर कधी बसत नाही.

तीन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रात तपासणी होती, तिथे जाऊबाईला आणि मला दोघींनाही बीपी निघालं. जाऊबाई म्हणाली, "माह्यं निघालं ते निघालं, तुह्यं बी निघालं. बरं झालं. एकटीले गोळी खायचा कंटाळा आला असता." मग रस्त्यात हळूच म्हणाली, "मानसाइले सांगू नको. म्हनतील, घरात बसून बसून रोग लागले." बायकांचं दुखणं बायकांतच राहतं. दर महिन्याला दोघींच्या गोळ्या तीच आणायची. रोज सकाळी चहाबरोबर एक तिची, एक माझी. घरातल्या पुरुषांना याचा पत्ता नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेली. जाताना माझ्या महिन्याच्या गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे ठेवून गेली. मुलगी सुट्टीत मामाकडे गेली. घरात मी आणि भासरे, मध्ये भिंत. ते दुकानातच झोपायचे.

त्याच आठवड्यात डोकं उठलं आणि दोन दिवस उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीतून आवाज आला, "भिंतीले सांगतो, उद्या आर्वीले जाचं आहे. तिथी एक डॉक्टर आहेत, फक्त डोस्क्याचे लोक जातात त्यायच्याकडे. सकाळची गाडी."

मी म्हटलं, "भिंतीले सांगा, एवढं काही नाई."

"भिंतीले सांगा, इचारलं नाई, सांगतलं."

एसटीत मी पुढे बायकांच्या सीटवर बसले, ते मागे. दवाखान्यात खूप गर्दी होती. आत गेल्यावर एकच बाक होता. ते एका टोकाला बसले, मी दुसऱ्या टोकाला, पदर नाकापर्यंत. तिथे आमच्यामध्ये भिंत नव्हती.

डॉक्टरांनी मला विचारलं, "काय त्रास आहे?"

उत्तर भासऱ्यांनी दिलं. "डोस्कं दुखते जी हिचं. अर्धंच. मंग उलट्या होतात. उजेड सहन होत नाई, भांड्याचा आवाज सहन होत नाई. दोन-दोन दिवस रायते." मी ऐकतच राहिले. भिंतीपलीकडून इतकं सगळं त्यांना दिसलं होतं.

"बीपी आहे का? छातीचा त्रास? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"नाई जी. काहीच नाई. तब्येत ठनठनीत."

मी मान खाली घातली. मान खाली घातली म्हणजे होकार, असं डॉक्टरांनी धरलं असेल. आमच्याकडे तसंच धरतात. ते बीपीचा पट्टा घेऊन उठले. पोलक्याची बाही वर करायची होती आणि भासरे हातभरावर बसलेले. माझा हात आपोआप पदरात गेला. डॉक्टर थांबले, दाराबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी बघू." मग लिहून दिलं. डोकं उठायला लागलं की लगेच एक गोळी घ्यायची, रोज घ्यायची नाही, दुखणं थांबलं नाही तर परत या.

मला वाटलं, डोक्याचं औषध डोक्यात जातं आणि बीपीचं बीपीत. एकाच अंगात दोन वेगळी दुखणी, जशी एका घरात दोन वेगळी माणसं. त्यांचा एकमेकांशी काय संबंध?

पहिल्या गोळीने जादू केली. तासाभरात डोकं रिकामं झालं, खिडकी उघडता आली. मी भांडी घासायला बसले. भासरे दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होते, "आर्वीची गोळी. एकच. अन् खलास." त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मीही हसले.

पण थोड्याच वेळात माझी बोटं गार पडली. मे महिना होता. तळेगावचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे, नळाचं पाणी हात भाजतं. आणि माझी बोटं माठासारखी गार. मी ती चुलीजवळ धरली. छातीवर कोणीतरी तळहात ठेवल्यासारखं वाटलं, ओझं नाही, नुसता ठेवलेला हात. मग तो उचलला गेला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

डोकं आता लवकर लवकर उठायला लागलं. आधी महिन्यातून दोनदा उठायचं, आता आठवड्यातून दोनदा. गोळी होतीच. संपली की भासरे आणायचे. दुकानाच्या मालाला आर्वीला जायचे तेव्हा न सांगता एक पाकीट आणायचे आणि कोनाड्यात ठेवायचे. "भिंतीले सांगतो, गोळी ठेवली." पुढे एकाची दोन पाकिटं झाली. कोनाड्यात ती चमचमायची. इतक्या वेळा दुखतं हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण कोण सांगणार, आणि कोणाला? भिंत आर्वीला जात नाही.

मसाल्याच्या डब्यामागच्या गोळ्या मात्र संपत आल्या. अमरावतीला बाळ अशक्त निघालं, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी फोन केला तर जाऊबाई रडत होती. तिथे मी माझ्या गोळ्यांचं काय सांगू? मी एक दिवसाआड घ्यायला लागले. मग त्याही संपल्या. केंद्र घरापासून दूर नाही. पण केंद्रात जायचं तर दुकानावरून जायचं, कुठे चालली असं भासऱ्यांनी भिंतीला विचारायचं, आणि मी भिंतीला काय सांगायचं? बीपी आहे म्हणून? मग आर्वीला ते खोटं बोलले असं होईल. एका परक्या माणसासमोर त्यांनी माझ्यासाठी शब्द दिला होता. तो मी कसा खोटा पाडू? आज लिहिताना हे किती मूर्खपणाचं वाटतं. तेव्हा ते मर्यादेचं वाटत होतं.

मग एक दिवस सकाळी मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. खाली आले तर डोळ्यांपुढे काचेचे तुकडे. गोळी घेतली. उतरलं नाही. तासाभराने अजून एक घेतली. मग छातीवरचा तो हात आला, आणि या वेळी त्याने दाबलं. बोटं पांढरी पडली. डावा हात माझा राहिला नाही, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा लोंबत होता. मी स्वतःशी काही बोलून पाहिलं. शब्द तोंडात भातासारखे चिकटले.

मी मधल्या खोलीत होते. समोर दिवाण होता. त्यावर धुतलेली चादर होती. माझे पाय त्याच्याकडेच जात होते, कारण तोच जवळ होता. त्यावर एकदा आडवी झाले की उठणार नाही, हे मला इतकं स्पष्ट कळलं की मी भिंत धरून उलट्या दिशेला वळले.

दुकानाच्या पडद्याशी आले. हाक मारायला जीभ वळेना. आणि वळली असती तरी हाक काय मारणार? त्यांना मी कधी काही म्हटलंच नव्हतं. मी कोनाड्यातली पळी घेतली आणि ताटावर वाजवली. जेवण तयार झालं की मी तशी वाजवायची.

पलीकडून आवाज आला, "आत्ताच तर जेवलो ना बापा."

मी परत वाजवली.

"भिंतीले का झालं आज?" भासरे म्हणाले. गिऱ्हाईक हसलं.

मी वाजवत राहिले. तो आवाज मला ओळखीचा वाटला. सासूबाईंचा चमचा. पलीकडचं हसणं थांबलं. त्यांनाही तो ओळखू आला असणार, त्यांची आई होती ती. मी पडदा बाजूला केला. पदर डोक्यावर नव्हता.

मला त्यांनी हात लावला नाही. दुकानात शेजारची एक बाई साबण घ्यायला आली होती, तिने मला धरलं. भासऱ्यांनी तराजूतला माल तसाच सोडून शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. वर्ध्यापर्यंत ते पुढे बसून एकच वाक्य म्हणत होते, "झोपू देऊ नका तिले. झोपू देऊ नका."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईने माझ्या दंडाला पट्टा बांधला. बाही वर केली तेव्हा मी हात ओढला नाही. तिने आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा पाहिला. मग तिचा आवाज बदलला.

"यांना आधीपासून बीपी आहे?"

खाटेच्या पायथ्याशी भासरे उभे होते. "नाई जी. कधीच नाई."

"डोक्यासाठी काय घेतात?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. येताना आठवणीने आणलं होतं. "हे. मीच आनून देतो."

तिने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. "नीट आठवून सांगा. बीपीची गोळी कधी चालू होती का? बंद केली का? हे कळल्याशिवाय मला पुढचं ठरवता येणार नाही."

"बाई, मी सांगतो ना. घरात राह्यतो आमी. काहीच नव्हतं तिले."

ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मला भीती वाटली. ते पूर्ण खरेपणाने मला मारत होते, आणि मी त्यांना मान राखून साथ देत होते. मला दिवाणाचा पाय दिसला, त्यावर चमच्याने पडलेले खड्डे दिसले. एवढी जीभ अजून माझी होती. किती वेळ राहील ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आहे."

शब्द जाड आला. डॉक्टरीणबाई वाकली.

"मले बीपी आहे. तीन वर्षांपासून. गोळी संपली. भाऊजीले माहीत नाई."

सतरा वर्षांत त्यांच्यासमोर मी बोललेलं हे पहिलं. त्यांना भाऊजी म्हटलेलंही पहिलंच. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग हळूच वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रात्रपाळीची नर्स येईपर्यंत तसेच उभे होते असं नंतर कोणी सांगितलं. मला ते दिसले नाहीत. माझ्याभोवती माणसं धावत होती.

लकवा मारला नाही. थोडक्यात चुकलं, असं म्हणाले. डाव्या हाताची करंगळी अजून बधिर आहे, पीठ मळताना कळतं.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाईने मला समोर बसवून समजावलं. माझ्याकडे पाहून, भासऱ्यांकडे नाही. म्हणाली, "तुमच्या शेतात मोटर आहे? मोटर जोरात चालू आहे आणि कोणी पाइप मुठीत आवळून धरला तर काय होईल?"

"फुटंल."

"बीपी म्हणजे जोरात चाललेली मोटर. आणि ही डोक्याची गोळी रक्ताच्या नळ्या आवळते. डोक्याच्याच नाही, छातीच्याही, बोटांच्याही. साध्या माणसाला चालते. बीपी आटोक्यात नसलेल्याला नाही. तुम्ही मोटरीचा वेग कमी करणारी गोळी बंद केली आणि पाइप आवळणारी वाढवली."

मग तिने बाकीचं सांगितलं. अंगदुखीच्या ज्या रंगीत गोळ्या दुकानात सुट्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बीपी वाढवतात, त्याही मनाने घ्यायच्या नाहीत. दुखलंच तर साधी तापाची गोळी, तीही सांगितली तेवढीच. डोक्याच्या गोळ्या फार झाल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. आता तिने एक रोजची गोळी दिली, ती बीपीही सांभाळते आणि अर्धशिशीही कमी करते. ती एकदम बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही. आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या आणि विचारायच्या आधी सांगायच्या. "तुम्ही सांगायच्या," ती म्हणाली. "तुमच्या अंगात काय चाललंय ते दुसऱ्याला माहीत नसतं."

जाऊबाई नातवाला सुखरूप घेऊन परत आली. सगळं ऐकून आधी रडली, मग म्हणाली, "सतरा वर्षं भिंतीशी बोलली अन् मानसाशी बोलाले दवाखाना पाह्यजे झाला. तुह्यी मर्यादा भारीच महाग व बाई."

महाग होतीच. गाडी, बाहेरच्या तपासण्या, औषधं, सगळं भासऱ्यांनी भरलं होतं. दुकानात माल भरायचे पैसे होते ते. नवरा फोनवर म्हणाला, भावाभावांत हिशोब कसला. कोनाड्यातली उरलेली पाकिटं भासऱ्यांनी स्वतः नेऊन टाकली. त्यानंतर दुकानात कोणी डोक्याची गोळी मागितली की ते विचारायला लागले, "बीपी तं नाई ना?" बायका लाजतात, दुसरीकडे बघतात. ते गोळी देत नाहीत. "घरी पुसून या," म्हणतात. "नाई, घरी नोका पुसू. केंद्रात जाऊन पट्टा बांधून या."

पण माझं मला कळत होतं. ज्याच्या पैशाने माणूस वाचतं त्याच्यासमोर तोंड उघडणं आधीपेक्षा जड होतं. ते समोर आले की पदर आपोआप पुढे यायचा, पहिल्यापेक्षा जास्त. त्यांचं देणं अंगावर राहिलं तर एक दिवस ते पुन्हा माझ्या वतीने "काहीच नाई जी" म्हणतील आणि मी मान खाली घालीन, हे मला दिसत होतं. म्हणून मी कुरडया, शेवया, मुगाच्या वड्या करायला लागले. त्या दुकानातच विकायला ठेवल्या. जमतील तसे पैसे कोनाड्यात ठेवत गेले. ते उचलत होते.

मग मागच्या महिन्यात मुलगी उंबऱ्यावर तशी बसली. रोजची वस्तू ओळखावी तसं मी ते ओळखलं. मी पडद्याशी गेले आणि भिंतीला सांगितलं नाही. म्हटलं, "भाऊजी, पोरीले डॉक्टरकडे न्याचं आहे. मी नेते. बोलनार मी."

ते तराजू पुसत होते. "मी येऊ का सोबत?"

"या. पन बाहेर बसा."

आर्वीला ते बाहेर बाकावर बसले. आत मी सगळं सांगितलं, माझं, माझ्या आईचं, सासूबाईंचंसुद्धा. शब्द पोचले. डॉक्टरांनी आधी पोरीच्या दंडाला पट्टा बांधला, मगच पेन उचललं. तिला बीपी नाही. आज नाही. दर काही महिन्यांनी बघायचं आहे. दिवाण अजून मधल्या खोलीत आहे आणि पोरगी त्यावर पालथी पडून अभ्यास करते. मी तिला तिथून उठवते. का ते सांगत नाही.

काल वड्यांचे पैसे आले, देणं फेडायला तेवढेच उरले होते. मी ते कोनाड्यात ठेवले नाहीत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी पडदा सारून पुढे गेले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

"मोजून घ्या, भाऊजी."

"कायले व? घरचेच तं आहेत."

"मोजा. मले ऐकू येऊ द्या."

त्यांनी अंगठा ओला केला आणि एक एक नोट मोठ्याने मोजली. शेवटची झाल्यावर माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे नाही.

"झाले," ते म्हणाले. "पुरे झाले. आता काही बाकी नाई."